आठ वाट्या, तीन थर

इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर, पाणी, कापलेली फळं, भजी आणि सरबत यांच्या जागा ठरलेल्या असतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. काचेचा छोटा पेला, तळाशी बिस्किटाचा चुरा, त्यावर काळपट चॉकलेटचा थर, त्यावर फिकट हिरवा पुदिन्याचा थर आणि सर्वांत वर चॉकलेटचा कीस. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली मुलं हा पदार्थ कॅफेत खातात आणि रमजानमध्ये घरी आली, की आईकडे तोच मागतात.

सांगलीतल्या एका घरात असंच झालं. मुलगी पुण्यात शिकते. सुट्टीला आली, मोबाईलमधला फोटो आईपुढे धरला आणि म्हणाली, "अम्मी, अगदी असंच पाहिजे." आईने साताऱ्याला बहिणीला फोन लावला, कारण गोडाधोडात त्या घरात साताऱ्याच्या खालाचा शब्द चालतो. खाला म्हणाली, "आपा, त्यात काय एवढं? पाकीट मिळतं. दूध घालायचं, ढवळायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं." पाकीट आणलं गेलं. आईने सवयीप्रमाणे मागची बारीक अक्षरं वाचली आणि ते तसंच ओट्यावर ठेवून दिलं. घटकांच्या यादीत जिलेटिन होतं.

मुलीला वाटलं, आई उगाच अडून बसली. खालालाही तसंच वाटलं. पण ते पाकीट बाजूला ठेवणं रास्त होतं. हा पदार्थ घरी करण्याचं खरं कारण तिथेच सापडतं. पैसे वाचतात हे कारण आहेच, हौस हेही आहे. पण रोजा सोडताना ताटात जे येतं ते काय आहे, हे करणाऱ्याला ठाऊक असावं, ही अपेक्षा त्या दोन्हींपेक्षा जुनी आहे. कॅफेच्या पेल्यावर घटकांची यादी नसते. विचारलं तर समोरचा मुलगा "हो, हो, सगळं शुद्ध आहे" म्हणतो. त्याचा दोष नाही, त्यालाही माल तयारच आलेला असतो.

जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. ते डुकराचं असतं, गुराचं असतं, माशाचंही असतं. पाकिटावर 'जिलेटिन' एवढंच लिहिलेलं असलं, तर कोणत्या जनावराचं आणि ते जनावर कसं कापलेलं, हे कळायला मार्ग नाही. प्रक्रियेत मूळ वस्तूचं रूप पूर्ण पालटतं, म्हणून हुकूमही पालटतो का, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. तो वाद दस्तरखानावर सुटणारा नाही. ज्या घरात शंका आहे, त्या घराने ती वस्तू टाळावी, इतका साधा रस्ता मोकळा असताना वाद घालायची गरजही नाही. दुसरी शंका वासाच्या बाटल्यांची. युरोप-अमेरिकेत पुदिना आणि चॉकलेटच्या थरांचे जे गोड पदार्थ लोकप्रिय झाले, त्यांतल्या काहींत 'क्रेम द मेंथ' हे पुदिन्याचं मद्य सरळ घातलं जातं. अस्सल व्हॅनिलाचा अर्क तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे किमान ३५ टक्के अल्कोहोलमध्येच उतरवलेला असतो. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणारा स्वस्त इसेन्स बहुधा वेगळ्या द्रावणातला असतो, पण बाटली उचलून वाचायला दोन मिनिटं लागतात आणि ती द्यावीत.

गंमत अशी, की जिलेटिनला उत्तर याच घरांच्या डब्यात पूर्वीपासून पडून आहे. चायना ग्रास. दक्षिण महाराष्ट्रातल्या मुस्लिम घरांत रमजान म्हटला, की दुधातला चायना ग्रास आलाच. पांढरेशुभ्र, वजनाला हलके धाग्यांचे जुडगे, भिजवले की मऊ होतात, उकळले की विरघळतात, ताटलीत ओतले की वड्या पडतात. वर बदाम-पिस्त्याचे काप. नावात चायना असलं, तरी ही वस्तू सतराव्या शतकात जपानमध्ये रूपाला आली असं मानतात. तिचं जगातलं नाव आगर-आगर. समुद्रातल्या लाल शेवाळापासून ती काढतात आणि आपल्याकडे तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही असं शेवाळ गोळा केलं जातं. म्हणजे वस्तू शंभर टक्के वनस्पतीच्या गोत्रातली.

दोन्हींत फरक आहे आणि तो मुलीला आधीच सांगितलेला बरा, नाहीतर पहिल्या घासाला तोंड वाकडं होतं. जिलेटिन तिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळायला लागतं, म्हणून कॅफेतला थर जिभेवर विरघळतो. आगर गोठतं साधारण ३५ ते ४० अंशांच्या दरम्यान आणि एकदा गोठलं, की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. त्यामुळे आगरचा थर जिभेवर विरघळत नाही, तो दाताखाली तुटतो. ही उणीव आहे हे मान्य करावं. पण सांगलीच्या उन्हाळ्यात तीच सोय ठरते. २०१७ साली रमजान मे महिन्याच्या अखेरीस सुरू झाला होता. चांद्रवर्षाच्या हिशोबाने तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणून सध्या तो थंडी सरता सरता येतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्येही या बाजूला दुपारी पारा चांगलाच वर असतो. त्यात वीज गेली, की जिलेटिनचा पेला तासाभरात सरबत होतो. चायना ग्रासची वाटी फ्रीज नसतानाही उभी राहते.

हेच एका बाईने सुमारे दीडशे वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना सांगितलं होतं. १८८१च्या सुमारास रॉबर्ट कॉख यांच्याबरोबर काम करणारे वाल्थर हेसे हे डॉक्टर जंतू वाढवायला जिलेटिनचा थर वापरत आणि उन्हाळ्यात तो वितळून सगळी मेहनत वाया जाई. त्यांची पत्नी फॅनी घरी जेली आणि पुडिंग आगरमध्ये करत असे. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती हे शिकली होती. उन्हाळ्यातही तिची जेली का वितळत नाही, असं नवऱ्याने विचारलं आणि उत्तर प्रयोगशाळेत पोहोचलं. आज मिरजेच्या दवाखान्यांतून रक्ता-लघवीचे नमुने तपासायला जातात, तिथे जंतू वाढवायला काचेच्या बशीत आगरचाच थर असतो. फॅनी हेसे यांचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वयंपाकघरातून निघालेल्या शहाणपणाचं बहुधा असंच होतं.

आता पुदिना. इथे बहुतेक घरं फसतात. मंडईतून ताजी जुडी आणायची, वाटायची, दुधात घालायची आणि मग म्हणायचं, की कॅफेसारखं लागत नाही, चटणीसारखं लागतं. लागणारच. चटणीचा पुदिना साधारणपणे स्पिअरमिंटच्या जातीचा असतो. त्याच्या वासाचा मुख्य घटक कार्व्होन. चॉकलेटबरोबर जो गार, नाकात चढणारा स्वाद अपेक्षित असतो, तो मेंथॉलचा असतो आणि तो पेपरमिंटच्या तेलातून येतो. ब्रिटनमधल्या राउनट्री कंपनीने १९६२ साली 'आफ्टर एट' नावाच्या चॉकलेटच्या पातळ चकत्या बाजारात आणल्या आणि पुदिना-चॉकलेटची जोडी जगभरात पोहोचली, तीही पेपरमिंटच्याच जोरावर. आपल्या देशाला मेंथॉल परकं नाही. उत्तर प्रदेशातला बाराबंकी जिल्हा मेंथा तेलासाठीच ओळखला जातो. पानवाल्याकडच्या थंड पानात, खोकल्याच्या गोळीत, बाममध्ये सगळीकडे तोच.

मेंथॉलचा गारवा हा एक प्रकारचा भास आहे. त्याने तोंडाचं तापमान उतरत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना तो चाळवतो आणि मेंदूला वाटतं, गार झालं. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामात या मेंथॉलच्या गारव्याचा शोध होता. दिवसभर पाण्याविना राहिलेल्या जिभेला हा भास किती हवासा वाटतो, हे मात्र कोणत्याही रोजेदाराला नोबेलशिवाय सांगता येईल.

म्हणून दोन्ही वापरावेत. हिरव्या थरासाठी अर्धा लिटर दूध उकळून खाली उतरवायचं, त्यात मूठभर धुतलेली पानं टाकून पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं आणि गाळून घ्यायचं. हा झाला ताज्या पानांचा वास. मग खाण्याच्या पेपरमिंट तेलाचे दोन थेंब. तिसरा थेंब हा जुगार आहे. चौथ्याला दात घासायच्या पेस्टची आठवण येते आणि मग कितीही साखर घातली तरी ती जात नाही. तेलाच्या बाटलीवर ते खाण्याचं आहे असं लिहिलेलं असावं. औषधाच्या दुकानातलं मालिशचं तेल किंवा कापराबरोबर विकतात ते खडे यात घालू नयेत. तेल मिळालंच नाही, तर किराणा दुकानातल्या पांढऱ्या पेपरमिंटच्या चार-पाच गोळ्या कुटून गरम दुधात विरघळवल्या, तरी भागतं. त्यावर कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्यावं.

रंगाचं काय? कॅफेतला हिरवा रंग पुदिन्याचा नसतोच. परवानगी असलेला कृत्रिम हिरवा रंग ठराविक मर्यादेत घालायला आपल्या अन्न कायद्याने मुभा आहे, त्यामुळे त्यात बेकायदा काही नाही. पण घरी त्याची गरज नाही. पानं उकळत्या पाण्यात वीस सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली, तर ती काळी पडत नाहीत. अशा आठ-दहा पानांत पालकाची दोन पानं घालून बारीक वाटायचं, फडक्यातून पिळायचं आणि तो रस दूध आचेवरून उतरवल्यावर शेवटी घालायचा. उकळीत घातला तर हिरवं जाऊन शेवाळी येतं. रंग फोटोइतका भडक होत नाही. सांगलीच्या त्या घरात मुलगी पहिल्यांदा हिरमुसली ती यावरच. "अम्मी, हे तर पिस्त्यासारखं दिसतंय." दिसू दे. पिस्त्यासारखं दिसण्यात कमीपणा कसला?

या सगळ्यात एक अडचण अशी आहे, जी दुसऱ्या कोणत्या महिन्यात येत नाही. करणाऱ्या बाईचा रोजा असतो. गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकायची मुभा फिकहच्या पुस्तकांत आहे, पण कितीतरी बायका तेही टाळतात. रोजच्या कालवणाचं मीठ त्या वासावरून, रंगावरून, हाताच्या सवयीने ओळखतात. वर्षानुवर्षांचा सराव असतो. पेपरमिंटच्या तेलाला सराव नाही. तिथे अंदाजपंचे चालत नाही. मोजून घालावं लागतं किंवा चाखून. मोजायला घरात चमचे आणि काटा असतोच असं नाही आणि चाखायला मगरीबपर्यंत थांबावं लागतं.

यावर उपाय एकच आणि तो चांगला आहे. हा पदार्थ दुपारी करूच नये. तरावीह झाल्यावर रात्री करावा. तेव्हा चाखता येतं, ओटा मोकळा असतो, उन्हाचा त्रास नसतो आणि चायना ग्रासला गोठायला जेमतेम अर्धा तास लागतो. सहेरीला उठेपर्यंत वाट्या तयार. दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या वेळी फक्त काढून ठेवायच्या. शिवाय रात्री घरातले पुरुष मोकळे असतात, त्याबद्दल पुढे.

चॉकलेटच्या बाबतीत सातारा जिल्ह्याने खरं तर कुणाकडे पाहायची गरज नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या रस्त्यावर जॅम, सिरप, चिक्की, फज आणि चॉकलेटची दुकानं रांगेने आहेत. मॅप्रोची सुरुवात पाचगणीत १९५९ साली झाली आणि तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. सहलीहून येणारा प्रत्येक जण चॉकलेटचं एखादं पाकीट आणतोच. मात्र घेताना पाहावं, की ते चॉकलेट आहे की कंपाउंड. कंपाउंडमध्ये कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. स्वस्त पडतं, उन्हात टिकतं, पण टाळूला मेणासारखं चिकटतं. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडाच्या उबेला वितळतं, आणि खऱ्या चॉकलेटची सारी मजा तिथेच आहे. या पदार्थात आगर वितळणार नसल्यामुळे वितळणारं काहीतरी असायलाच हवं. ती जबाबदारी चॉकलेटवर टाकावी आणि तिथे काटकसर करू नये. अर्धा लिटर दूध, तीन चमचे कोको थोड्या दुधात आधी कालवून, ८० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम काळं चॉकलेट. साखर गरम असताना किंचित जास्त वाटली पाहिजे, कारण गार झाल्यावर गोडी जिभेला कमी लागते.

साताऱ्याच्या खालाने इथे एक सूचना केली. तळाला बिस्किटाऐवजी कंदी पेढे कुस्करून घालावेत. कल्पना ऐकायला छान आहे, साताऱ्याचा अभिमानही सुखावतो. पण कंदी पेढ्याचा खवा म्हशीच्या दुधाचा, खमंग भाजलेला. त्याला स्वतःचा दाट, किंचित करपट गोड वास असतो आणि पुदिन्याशी त्याचं अजिबात पटत नाही. नुसत्या चॉकलेटबरोबर कंदी पेढा बेशक चालेल. सगळंच स्थानिक करायचा हट्ट धरला, की पदार्थाचा आणि पेढ्याचा, दोघांचाही अपमान होतो. त्यापेक्षा तळाला नानकटाई घालावी. ईदच्या आधी मोहल्ल्यातल्या बायका पीठ-तूप-साखर मळून पत्र्याचे ट्रे भट्टीवर घेऊन जातात आणि डबे भरून नानकटाई आणतात, त्यातलीच दीडशे ग्रॅम. तिच्यात तूप एवढं असतं, की वेगळं लोणी लागत नाही. चुरा वाटीच्या तळाशी बोटांनी दाबायचा आणि पंधरा मिनिटं गार करायचा, म्हणजे वरून ओतलेलं चॉकलेट त्याला उचलून वर आणत नाही.

फेसाळ क्रीमचा नाद मात्र सोडावा. बेकरीत केकवर फेटून लावतात ते पांढरं टॉपिंग बहुतेक वेळा दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं. घरची साय फेटायला गेलं, तर ती कधी फुगते, कधी लोणी होते. डब्यातल्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश कमी, ते फुगत नाही. एखादी हुशार गृहिणी चक्का वापरून पाहते. चव वाईट नाही, पण मग ते पुदिन्याचं श्रीखंड होतं आणि श्रीखंडाला तसं म्हटलेलंच बरं. सांगली जिल्ह्यात दुधाला तोटा नाही, भिलवडीच्या चितळ्यांचं नाव तर महाराष्ट्रभर आहे. म्हशीचं दूध आटवून थोडं दाट केलं, की थराला पुरेसा मऊपणा येतो. आणखी काही लागत नाही.

थर लावणं हे खरं कसब. दहा ग्रॅम चायना ग्रास गार पाण्यात अर्धा तास भिजवून, पेलाभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळून, गाळून दोन भाग करायचे. एक चॉकलेटच्या गरम दुधात, एक पुदिन्याच्या गरम दुधात. दूध गार असलं, तर चायना ग्रासच्या गुठळ्या होतात. आधी चॉकलेटचा थर ओतायचा. मग थांबायचं. किती? वर साय धरल्यासारखं होऊन बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत. त्याआधी हिरवं ओतलं, तर दोन्ही एकमेकांत मिसळून चिखल होतो. फार उशीर केला, तर थर एकमेकांना धरत नाहीत, चमचा घातला की वरचा थर खालच्यावरून घसरतो. उशीर झालाच, तर काट्याने वरचा पृष्ठभाग हलका ओरखडायचा. सांगलीच्या त्या घरात पहिल्या दिवशी तीन वाट्यांचा चिखल झाला आणि पाच वाट्यांचे थर घसरले. दुसऱ्या रात्री आठपैकी सहा जमल्या. तिसऱ्या रात्री आठही.

नक्कल करण्याला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. मिरजेची सतार आठवावी. तिथले शिकलगार तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात संस्थानात गाण्याची चलती झाली, बाहेरून आलेली वाद्यं नादुरुस्त होऊ लागली आणि ती दुरुस्त करायला फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे आली. उघडून पाहता पाहता, जोडता जोडता त्यांनी स्वतःची वाद्यं घडवायला सुरुवात केली. भोपळे पंढरपूरकडचे, हात मिरजेचे. त्या घराण्याला पुढे लोक सतारमेकर म्हणू लागले आणि मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाटीभर गोडाची तुलना सतारीशी कुणी करणार नाही, करूही नये. पण परगावची वस्तू उघडून पाहायची, तिच्यातलं आपल्याला चालणारं ठेवायचं आणि न चालणाऱ्याच्या जागी आपल्याजवळचं काही बसवायचं, ही रीत या भागाला नवी नाही.

आक्षेप घेणारेही आहेत आणि त्यांचं सगळंच चूक नाही. रमजान हा भूक ओळखायचा महिना. त्यात तीन थरांचे गोड पदार्थ कशाला, असं मशिदीच्या पायरीवर बसलेले बुजुर्ग विचारतात. खजूर आणि पाणी पुरेसं आहे, हे खरंच आहे. इफ्तारच्या ताटाचे फोटो मोबाईलच्या स्टेटसवर चढवायची जी चढाओढ अलीकडे लागली आहे, तिचा रोजाशी काही संबंध नाही. ती पाहून ज्या घरात फळं आणायलाही हिशोब करावा लागतो, त्या घरातल्या पोरांना काय वाटत असेल, याचा विचार स्टेटस ठेवणाऱ्याने करावा. पण परगावी एकटीने रोजे धरणाऱ्या, खानावळीच्या डब्यावर सहेरी करणाऱ्या मुलीने घरी आल्यावर आईकडे एक आवडती गोष्ट मागितली, तर ती चैन म्हणता येणार नाही. महिन्यातून एकदा करावी, रोज नको. आठ वाट्या केल्या, तर आठही घरातच संपू नयेत.

खरा आक्षेप दुसरा आहे आणि तो बुजुर्ग कधी घेत नाहीत. हे करतं कोण? पहाटे सगळ्यांच्या आधी उठणारी, सगळ्यांना सहेरी वाढून उरलेल्या वेळात स्वतः चार घास खाणारी, दुपारभर ओट्यापाशी उभी राहणारी आणि अजान होत असताना हातात झारा असणारी तीच बाई. तिच्या कामात आणखी तीन थरांची भर घालून लेकीने आणि लेकाने "अम्मी, मस्त झालंय" म्हटलं, की फेड झाली असं समजण्याची पद्धत आहे. ती बदलायला हवी. पैगंबर साहेब घरात असताना घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असं हजरत आयेशा यांनी सांगितल्याचं बुखारी शरीफमध्ये आहे आणि जुम्याच्या बयानात ते अधूनमधून ऐकायलाही मिळतं. ऐकून घरी आल्यावर चायना ग्रास ढवळायला कुणी उभं राहत नाही. हा पदार्थ त्यासाठी सोयीचा आहे. यात भाजणं नाही, तळणं नाही, हाताला सवय असावी लागेल असं काही नाही. मोजायचं, ढवळायचं आणि दहा मिनिटं थांबून पुढचा थर ओतायचा. तरावीहवरून आलेल्या सोळा वर्षांच्या पोरालाही जमतं. सांगलीच्या घरात तिसऱ्या रात्री आठही वाट्या जमल्या, त्याचं एक कारण हेही होतं, की त्या रात्री चमच्याने हिरवा थर ओतायला धाकटा भाऊ बसला होता आणि मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर लावून बसला होता. आईने फक्त चव पाहिली. तेलाचे थेंब मुलीने मोजले.

आणि मग शेजार. सांगली भागात जैन वस्ती मोठी. गल्लीत एका दाराला जैन काकू, पलीकडे लिंगायत घर, मधे मुस्लिम, असं चित्र नवं नाही. इफ्तारची ताटं शेजारी जातात, पण त्यातलं शेजाऱ्यांना चालणारं किती असतं, हा प्रश्न ताट देणाऱ्याच्याही मनात असतो आणि घेणाऱ्याच्याही. बहुतेक वेळा फळं आणि खजूर तेवढे ठेवून घेतले जातात, बाकीचं तसंच परत येतं किंवा कामवालीला दिलं जातं आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. पाकिटातलं जिलेटिन जसं या घराला नको होतं, तसंच ते त्या घरालाही नको असतं, आणि चौकशी न करता पाठवलेला कॅफेचा पेला तिथे कुणी तोंडाला लावणार नाही. चायना ग्रासची वाटी मात्र सांगून देता येते. दूध, साखर, चॉकलेट, पुदिना, समुद्राचं शेवाळ. अंडं नाही, जिलेटिन नाही, बाटलीतला इसेन्स नाही. नानकटाई घरच्या पिठाची. ऐकल्यावर काकू वाटी ठेवून घेतात.

फक्त वेळ सांभाळावी लागते. व्रत पाळणारे जैन सूर्यास्तानंतर जेवत नाहीत आणि रोजेदार सूर्यास्ताआधी. म्हणून काकूंची वाटी अस्रच्या नमाजनंतर, दिवस उतरायच्या आत त्यांच्याकडे पोहोचवावी लागते. पदार्थ ज्यांनी केला, त्या घरात तेव्हा कुणी पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. मुलगी वाटी घेऊन रस्ता ओलांडते आणि दारातच सांगते, "काकू, आत्ताच खाऊन घ्या हं, नंतर तुमचं चालणार नाही." काकू म्हणतात, "अगं, तुमचं सोडायचंय अजून." "आमचं सातला. तुम्ही घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी वाटी धुऊन परत आली. रिकामी नव्हती, तीत शेंगदाण्याचे चार लाडू होते. सोबत निरोप होता, की चॉकलेट फार छान, हिरवा थर पुढच्या वेळी जरा पातळ करा. साताऱ्याला फोन करून खालाला तो जसाच्या तसा सांगण्यात आला. खाला म्हणाली, "मी तर आधीच सांगत होते." तिने असं काही सांगितलं नव्हतं. पण ईदला ती सांगलीला येणार आहे आणि येताना महाबळेश्वरचं काळं चॉकलेट आणायचं तिने कबूल केलं आहे, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.